दाजींचा मॅनिफोल्ड

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, आखातातली नोकरी संपवून आमच्याच शहरात हिमायतनगरला परतले तेव्हा त्यांच्याकडे वेळ भरपूर होता आणि तो घालवायची अक्कल अजिबात नव्हती. आधी त्यांनी कुंडीतली बुटकी झाडं लावली, ती वाळली. मग महागडा कॅमेरा घेतला आणि वर्षभर सगळ्या नातेवाइकांना तलावावरचे सूर्यास्त पाठवले. मग त्यांना जुन्या मोटारींचा नाद लागला. तिथे मात्र ते थेट आमच्या घरात शिरले, कारण विद्यानगरला आमच्या घरासमोरच्या शेडमध्ये अण्णांची मोटार उभी होती.

अण्णा म्हणजे आमचे वडील. जन्मभर वकिली केली. ही विलायती बनावटीची, चार सिलिंडरची, गोल नाकाची गाडी त्यांनी ऐन उमेदीत घेतली आणि तीच घेऊन कोर्टात जात राहिले. ऐंशी ओलांडल्यावर त्यांनी स्टिअरिंग सोडलं. मी पाटबंधारे खात्याच्या यांत्रिकी विभागात इंजिनिअर होते, लग्न केलेलं नव्हतं, अण्णांबरोबरच राहत होते. त्यामुळे गाडीचं तेलपाणी, ब्रेक, प्लग सगळं माझ्याकडे आलं. रविवारी मी तिला अंबरपेठपर्यंत फिरवून आणायचे. दाजींना हे ठाऊक होतं. पण त्यांच्या लेखी सरकारी इंजिनिअर म्हणजे सह्या करणारी बाई.

ते दिवस राज्य दुभंगल्याचे होते. आमच्या ऑफिसात कोणी काम करत नव्हतं. कोण या राज्यात राहणार आणि कोण त्या राज्यात जाणार, एवढीच चर्चा चाले. खुर्च्यांवर, कपाटांवर, पंख्यांवर चिकटपट्ट्या लागल्या होत्या. वीस-वीस वर्षं एका डब्यात जेवलेली माणसं एका कूलरसाठी भांडत होती. आमच्या एका साहेबांनी त्या कूलरवर असं कळकळीचं टिपण लिहिलं की तेवढी कळकळ त्यांनी कधी कालव्याच्या दाराबद्दल दाखवली नव्हती. मी ते सगळं बघत बसायचे आणि संध्याकाळी घरी येऊन गाडी पुसायचे.

दाजी जुन्या मोटारवाल्यांच्या एका मंडळात दाखल झाले होते. मी दोनदा त्यांच्या मेळाव्याला गेले. पोट सुटलेली, एकसारख्या टोप्या घातलेली माणसं गाड्या रांगेत लावत आणि बॉनेट उघडून उभी राहत. कोणी कुठे जात नसे. "क्या चमकरा भाई," असं एक दुसऱ्याला म्हणे, दुसरा तिसऱ्याला म्हणे, आणि मग सगळे इराणी चहा पिऊन घरी जात. नंबरप्लेटवर नव्या राज्याची अक्षरं लावायची की जुनीच ठेवायची यावर त्यांच्यात उभी फूट पडली होती. चाळीस वर्षं जुन्या गाडीच्या व्हॉल्व्हमधला गॅप कसा मोजतात, हे त्यांतल्या एकालाही सांगता आलं नसतं.

अशा एका मेळाव्यात दाजींना कळलं की अण्णांच्या गाडीसारख्या इंजिनासाठी परदेशात ॲल्युमिनियमचा इनटेक मॅनिफोल्ड मिळतो. मॅनिफोल्ड म्हणजे फाटे फुटलेला नळ. कार्बोरेटरमधून निघालेलं हवा-पेट्रोलचं मिश्रण तो सिलिंडरांना वाटून देतो. मूळचा ओतीव लोखंडाचा होता, त्यावर एकच कार्बोरेटर. नव्यावर दोन बसणार होते. दाजींनी तो मागवला आणि खोक्यासकट अण्णांपुढे टेबलावर ठेवला. आरशासारखा घासलेला होता.

"मामा, आपली गाडी आता खरी पळेल," ते अण्णांना म्हणाले.

अण्णांनी त्यावरून बोट फिरवलं. "दिसतो तर चांगला," ते म्हणाले. "लावा."

मला कोणी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी दाजी पाना-पेटी घेऊन आले. शेजारच्या खुर्चीवर त्यांनी मोबाइल उभा केला होता. त्यात कुणी गोरा माणूस आपल्या गॅरेजमध्ये हेच काम करत होता. तो माणूस एक नट सोडवी, मग दाजी त्याला थांबवत आणि तोच नट शोधत. ताई, म्हणजे माझी बहीण, वाटीत शेंगदाणे घेऊन बसली होती आणि नवऱ्याचे फोटो काढत होती. जुना मॅनिफोल्ड निघाला तेव्हा त्यांनी तो मेलेला उंदीर धरावा तसा दोन बोटांनी धरून कोपऱ्यात टाकला.

"तू बघ फक्त, हात लावू नको," ते मला म्हणाले. "तुझ्याही कामी येईल."

मी बघितलं. त्या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट, म्हणजे जळका धूर बाहेर नेणारा नळ, दोन्ही एकाच बाजूला, शेजारी शेजारी बसतात. मधल्या प्रत्येक स्टडवर, म्हणजे आट्यांच्या दांड्यावर, एकच जाड वॉशर असतो आणि तो अर्धा याच्या कानावर, म्हणजे बाहेर आलेल्या पट्टीवर, अर्धा त्याच्या कानावर दाब देतो. दोन्ही कान एका जाडीचे असले तरच हे जमतं. मी पोलादी पट्टी आडवी धरली. नव्या मॅनिफोल्डचा कान एक्झॉस्टच्या कानापेक्षा नाण्याच्या जाडीइतका खाली होता.

"दाजी, हा कान पातळ आहे. वॉशर तिरका बसेल. एक्झॉस्ट दाबला जाईल, इनटेकवर दाब येणारच नाही. बाहेरची हवा आत जाईल."

"अगं, मध्ये गॅस्केटची मऊ पट्टी असते ना. ती घेते भरून."

"दाबली गेली तर भरते."

"तू पंपांचं बघतेस," दाजी समजावणीच्या सुरात म्हणाले. "हे परफॉर्मन्सचं काम आहे. तिथे सगळं मोजून बनवतात."

मी पट्टी पुसून ठेवली आणि आत जाऊन भाजी चिरली. कधी कधी माणसाला बोलू देणं हाच त्याचा सर्वांत मोठा अपमान असतो, आणि तो मला पुरेपूर करायचा होता.

गाडी सुरू झाली. सुरू होताच इंजिन पिसाटल्यासारखं धावू लागलं, पाय काढला तरी वेग खाली येईना, आणि कार्बोरेटरमधून फट्फट् आवाज निघू लागला. दाजींच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "बघा मामा, काय रुबाब आहे," ते म्हणाले. दोन पेले पाणी प्यायले आणि कामगिरी संपली म्हणून जुना मॅनिफोल्ड, स्टड, खोका सगळं ताईच्या गाडीत घालून घेऊन गेले.

मंडळाची फेरी पुढच्या आठवड्यात हिमायतनगरहून निघणार होती. सकाळी दाजी विद्यानगरला गाडी न्यायला आले. अण्णांनी कोट घातला होता, काळा, कोर्टातला. ते पुढे बसले, मी आणि ताई मागे. गाडी झटके देत निघाली. दाजी प्रत्येक झटक्याला म्हणत होते, गरम झाली की नीट होईल. ती गरम झाली, फारच झाली. नारायणगुड्याच्या चौकात, सिग्नल हिरवा झाला तेव्हा, कार्बोरेटरमधून मोठा बार उडाला आणि इंजिन बंद पडलं.

मागे बस होती. तिच्यामागे सगळं शहर. दाजी उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडलं. त्यांना बॉनेटखालचं एवढंच येत होतं. दोन पोरं मोबाइलवर फोटो काढायला लागली, आणि दाजी, मला अजूनही विश्वास बसत नाही, पण दाजी क्षणभर फोटोसाठी सरळ उभे राहिले.

 अण्णांनी दार उघडलं, कोट सारखा केला आणि रस्ता ओलांडू लागले. मी धावत गेले. एक ऑटोवाला थांबला. "बैठो चाचा, कां जाना?" अण्णांनी पत्ता सांगितला. ऑटोत त्यांनी डोळे मिटले होते. विद्यापीठाच्या भिंतीपाशी आल्यावर म्हणाले, "गाडी नीट कर."

"जुना मॅनिफोल्ड लावते."

"लाव."

जुना मॅनिफोल्ड नव्हता. गाडी ओढून घरी आणल्यावर मी दाजींना फोन केला. तो त्यांनी भंगारवाल्याला देऊन टाकला होता. "अगं, आता काय करायचाय तो?" त्यांनी विचारलं. मी फोन ठेवला. रागसुद्धा आला नाही. राग यायला समोर काहीतरी असावं लागतं.

मग नवाच नीट बसवायचा ठरवला. आमच्या खात्याची छोटी कार्यशाळा होती. तिथलं धातू कापायचं मिलिंग मशीन अजून कुणाच्याच वाट्याला गेलं नव्हतं. त्याच्यावर दोन्ही राज्यांच्या चिकटपट्ट्या होत्या, एक दुसरीवर डकवलेली. कामगार बाहेर सावलीत बदल्यांची यादी कधी लागते याची वाट बघत होते. मी त्या मशीनला पोलादाचा तुकडा बांधला आणि पायरीचे वॉशर कापले, म्हणजे एक बाजू पातळ, एक बाजू जाड, जाड बाजू पातळ कानावर बसणारी. आमचे कूलरवाले साहेब येऊन बघून गेले.

"काय, पंपाचं काम का?" त्यांनी विचारलं.

"हो साहेब," मी म्हटलं. ते समाधानाने परत गेले. पंप आणि मोटार यांतला फरक त्यांना वाटणीच्या यादीतही दिसला नसता.

घरी येऊन नवी गॅस्केट घातली, वॉशर बसवले, नट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळत नेले. मग रबरी नळीचं एक टोक कानाला आणि दुसरं एकेका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरून दोन्हींचा फुसकारा सारखा केला. इंजिन हळू चालायला लागलं, इतकं हळू की शेजारच्या काकूंच्या कुकरची शिट्टी ऐकू आली. अण्णा दारात खुर्ची टाकून बसले होते.

"चल, बघू," ते म्हणाले.

मी त्यांना आडिकमेटच्या चढावर नेलं. पूर्वी त्या चढावर दुसऱ्या गिअरला यावंच लागायचं. आता गाडी तिसऱ्यातच सरळ वर गेली, वरून अजून ओढत होती. अण्णांनी डॅशबोर्डवर हात ठेवला. मी त्यांना कित्येक वर्षांत तसं हसताना बघितलं नव्हतं.

"परत," ते म्हणाले. आम्ही खाली येऊन परत वर गेलो.

घरी पोचल्यावर म्हणाले, "जावईबापूंनी चांगलं डोकं लढवलं."

"अण्णा, ते वॉशर मी केले. त्याशिवाय गाडी रस्त्यात मेली होती. तुम्हीच ऑटोने आलात."

"केलेस ना. छान केलेस." ते हळूच उतरले आणि दाराला टेकून उभे राहिले. "पण इतकी वर्षं गाडी तुझ्याकडे होती. हे लावावं असं तुला सुचलं नाही."

वकिलाला उत्तर देण्यात अर्थ नसतो. मी हात धुवायला गेले. रॉकेलने काळं निघत नव्हतं, मी घासत राहिले.

पावसाळा संपता संपता अण्णांनी गाडी दाजींना देऊन टाकली. मी या राज्यातच राहणार, असा हुकूम त्याच आठवड्यात आला. ऑफिसात पेढे वाटले, तेही मी यांत्रिकपणे खाल्ले. दाजी चावी घ्यायला ताईला घेऊन आले, टोपी घालून. त्यांच्या मंडळाने इंजिनाच्या देखणेपणासाठी त्यांना एक कप दिला होता. परीक्षकाने त्या वॉशरबद्दल विचारलं होतं म्हणे.

"मी सांगितलं, किटमध्येच येतात तसे," दाजी म्हणाले.

अण्णा हसले. रविवारी ते दाजींबरोबर फिरायला जाऊ लागले. फाटकापाशी उभं राहून मी ती गाडी कोपऱ्यावर वळताना बघायचे. दाजी गिअर अजूनही खर्रकन टाकत.

काही महिन्यांनी दाजींचा फोन आला.

"अगं, एका बाजूने फुसफुसतंय."

"कुठल्या?"

"डाव्या," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "म्हणजे माझ्या डाव्या."

मी त्यांना दोन दिवस ताटकळत ठेवलं. मग शनिवारी रबरी नळी पिशवीत घालून हिमायतनगरच्या बसमध्ये बसले. गाडीचा काय दोष होता.