कागदावर विकलेल्या शेळ्या

लढाईच्या दिवसांत कापड मिळेनासं झालं होतं. आमचं गाव निजामाच्या हद्दीत, कनेरगाव नाक्याच्या अलीकडे. पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. गावातला एक शेट इकडचं कापड चोरून तिकडे पाठवायचा. गाडीवान, वाटाडे, नाक्यावरचे शिपाई, सगळे त्यात आपापला वाटा खायचे. पण तिकडून येणारा पैसा इंग्रजी कलदार रुपयांत असे, निजामाच्या नाण्यांत नव्हे. तो एवढा कुठून आला, हे दाखवायला शेटला कागद लागे.

एकदा तो आमच्या ओसरीवर येऊन बसला. माझ्या मालकांना म्हणाला, "तुमच्या शेळ्या मी घेतल्या अन् पल्याड वऱ्हाडात वाशीमच्या बाजारात विकल्या, एवढंच लिहून द्या. शेळ्या तुमच्याच घरी ऱ्हातील."

"लिहिणार कोन? मला सही बी येत न्हाई," मालक म्हणाले.

"वहिनी हाईत ना. वऱ्हाडातून चौथी शिकलेली बायको आनली, ती नुसत्या भाकरी थापायला व्हय?"

मी दाराआडून हळूच मालकांना विचारलं, "खोटं काहून लिहावं?"

"लिही वं. कागदच तर हाय. लुगडं भेटंल."

दोन वर्षं मी ठिगळांचं नेसत होते. मी लिहायला बसले.

अशा कागदावर प्रत्येक शेळीची खूण लिहायची रीत होती. नसलेली शेळी मला सुचेना. मग मी माझ्याच आठ शेळ्या लिहिल्या. माहेराहून दोन आणल्या होत्या, त्यांच्या झालेल्या. एकीचं शिंग मोडकं, एकीचा डावा कान चिरलेला, जशी होती तशी. मालकांनी खाली अंगठा उठवला.

पुढे नाक्यावर नवा अंमलदार आला. तो लाच खात नव्हता. शेटचे कागद घेऊन तो गावोगाव फिरतोय, अशी खबर आली. विकलेल्या शेळ्या त्याला आमच्या दारात दिसल्या असत्या, तर मालकांच्या हातात बेड्या पडल्या असत्या.

त्याच दुपारी शेट दोन माणसं घेऊन आला आणि ती शेळ्यांची दावी सोडू लागली.

"शेटजी, नुसतं लिहायचं होतं ना?" परक्या पुरुषाशी मी पहिल्यांदाच बोलले.

"अक्षर तुमचंच हाय, वहिनी. बराबर वाचून घ्या," तो म्हणाला. त्याची माणसं हसली.

मी मालकांकडे पाहिलं. ते खाली बघत म्हणाले, "जाऊ दे. मी तुरुंगात गेलेलं चालंल का तुला?"

मी वाटेतून बाजूला झाले. खरंच होतं ते.

पिल्लं कागदावर नव्हती, म्हणून ती मागे राहिली. पाच होती, दूधपिती. संध्याकाळपर्यंत ओरडून त्यांचे घसे बसले. मी त्यांना टोपलीत घालून दारोदार नेलं, पण दुसऱ्याच्या शेळ्या परक्या पिल्लाला अंगाला लागू देत नाहीत. शेवटी जाऊबाईंनी त्यांची शेळी घट्ट धरून ठेवली, आणि मी एकेकाचं तोंड तिच्या आचळाला लावत बसले. आठवडाभर रोज असंच. त्यातली दोन जगली.