फितलेले राखणदार

सांगते. नापिकीच्या त्या वर्षांत वऱ्हाडात कोणाच्या घरी गेलं तरी आधी वाईटच बातमी कानावर यायची. अमरावतीले माझी मोठी बहीण, अक्का, तूर निवडता निवडता बोलायचीच थांबली. डोक्यात गाठ निघाली, अकोल्याच्या दवाखान्यात ती काढली. तपासात निघालं, वाईट जातीची आहे, परत वाढते.

मी तिले अकोल्याले माझ्याच घरी ठेवलं. भेटायले येणाऱ्या बायांचं एकच पालुपद. तिची चुलतसासू तर तोंडावर म्हणे, "जलमभर सोमवार धरले, अंगातली ताकद घालवली. मंग रोग घुसनच ना, माय!"

मलेही ते पटलं, कबूल करते. मी तिचे सोमवार मोडले. कडूलिंबावरची गुळवेल आणून दोन टाइम काढा. ती ओकून टाके, मी पुन्हा पाजे.

पुढच्या खेपेले डॉक्टरीणबाईले मी तोऱ्यात सांगितलं, "ताकद वाढवून राहिली तिची."

तिनं पेन खाली ठेवला. "मावशी, ताकद कमी नव्हतीच. रोगाशी लढणाऱ्या त्यांच्याच पेशी त्या गाठीत भरपूर आहेत. पण गाठीनं त्यांना फितवलंय. त्या गाठीलाच पोसतात, दुसऱ्या लढणाऱ्या पेशींना अडवतात."

"म्हणजे संत्र्याच्या बगीच्यातल्या राखणदारानंच चोराले कुंपण उघडून द्यावं, तसं?"

"अगदी तसं. त्यांना परत आपल्याकडं वळवायचं औषध अजून आमच्या हाती नाही. काढा बंद करा, उलट्यांनी तुमच्या अक्का थकतात."

"मंग हे उपासानं झालं काय?"

"नाही."

मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाहीच म्हणे.

घरी आली तं चुलतसासू बसलेलीच. तिच्यासमोरच मी काढ्यानं भरलेला गंज अंगणात उपडा केला. "काकी, राखणदार कमी नव्हते तिच्यापाशी. गाठीनं फितवले. त्यात हिचा काय कसूर? पुन्हा दोष द्यायचा असन तं माझी पायरी चढू नका."

"लय शिकली वो तू!"

"शिकली तं शिकली."

अक्काले शब्द सापडत नसत. डाव्या हातानं तिनं माझा पदर ओढला. लय वेळानं एकच शब्द निघाला, "सोमवार."

सोमवारी मी भगर शिजवली, वर दाण्याची आमटी. तिनं पोटभर खाल्लं, ओकली नाही. त्यानंतर तिचा एकही सोमवार मी मोडू दिला नाही, शेवटचासुद्धा.