सुमतीचा फळा

आमच्या दिवा स्टेशनजवळच्या गल्लीत पत्रकार म्हणजे मोटारसायकलवर लाल अक्षरांत प्रेस लिहिलेला माणूस. तो उद्घाटनाला येतो, पुढच्या खुर्चीत बसतो, वडा खातो, फोटो काढून जातो. पत्रकारिता हा शब्द मी शाळेत निबंधात लिहिलेला, लोकशाहीचा चौथा स्तंभ म्हणून. बाईंनी सांगितलं, आम्ही पाठ केलं, मार्क मिळाले. त्याचा अर्थ कळायला पन्नाशी उलटली, आणि तो कळला शेजारच्या सुमती ओव्हाळकडे बघून.

सुमती ब्लाऊज शिवते. आधी कोलशेतला एका कंपनीत पॅकिंगला होती, ती बंद पडल्यावर मशीन घेतलं. मशीन दाराशी आणि दारासमोरच पाण्याचा व्हॉल्व्ह. त्यामुळे पाणी आलं का, जाईल कधी, हे सगळ्या बायका तिलाच विचारायच्या. सांगता सांगता शिवण वाकडी जायला लागली तेव्हा ती उठली आणि मंडळाच्या फळ्यावर लिहून आली. एरवी त्या फळ्यावर वर्गणीची आठवण असायची. सुमतीने शिवणाच्या खडूने पाण्याची बातमी लिहिली आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव.

एकदा तिने लिहिलं की व्हॉल्व्ह सोडणारा गुणाजी आज आला नाही म्हणून पाणी नाही. गुणाजीला लोकांनी भर रस्त्यात नाही नाही ते ऐकवलं. खरं तर तो पहाटेपासून खड्ड्यात उतरून तुटलेला व्हॉल्व्ह बसवत होता. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्याच जागी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत होतं: काल माझं चुकलं. गुणाजी आला होता. मी त्याला विचारलं नाही.

मी म्हटलं, अगं, पुसून टाकायचं की गुपचूप, कोण बघतंय. ती म्हणाली, काल ज्यांनी वाचलं त्यांच्या डोक्यातलं कसं पुसू? त्या दिवसापासून तिचा नेम ठरला. ज्याच्याबद्दल लिहायचं, त्याला आधी विचारायचं.

आता मुख्य गोष्ट. नाल्यापलीकडे मागची चाळ आहे. तिथे नळच नव्हता, सगळं टँकरवर. शेवटच्या खोलीत रमाबाई एकट्या राहतात, गुडघे गेलेले, तरी कळशी त्यांनाच न्यावी लागायची. आमचे पुढारी विनीतभाऊ यांनी तिथे पाईपलाईन आणायचं मनावर घेतलं, ते चांगलंच होतं. पण ठेकेदाराला वेळ हवा होता आणि भाऊंना मुहूर्त. काम अर्धं असतानाच बॅनर लागला. भाऊंचा हात जोडलेला फोटो, बाजूला नळ, खाली ‘पाणीप्रश्न सुटला, हार्दिक अभिनंदन’. आणि लाईन आली म्हणून उद्घाटनानंतर टँकर बंद, असंही जाहीर झालं.

गुणाजी सुमतीकडे आला. पाईप जोडलेलाच नाही, म्हणाला, पण माझं नाव नको, नोकरी जाईल. सुमतीने नाव घेणार नाही असं कबूल केलं आणि स्वतः नाल्याकाठी जाऊन बघून आली. पाईपचं तोंड उघडं होतं, आत चिमण्यांनी काड्या भरलेल्या.

उद्घाटनाच्या सकाळी स्टेजवर नारळ फुटला, नळ सोडला, पाणी धो धो आलं. स्टेजमागे टाकी होती आणि ती भरून टँकर नुकताच निघालेला, चाकांची ओल अजून होती. प्रेसवाल्यांनी फोटो काढले. सुमती पुढे गेली. आवाज चढवला नाही.

“भाऊ, ही लाईन मागच्या चाळीपर्यंत जोडली आहे का?”

भाऊ हसले. “ताई, तुम्ही ब्लाऊज शिवा. उगाच पत्रकारिता नका करू.”

“हेच उत्तर लिहू का?”

आजूबाजूचे खो खो हसले. भाऊ म्हणाले, लिहा की. तिने लिहिलं. टाकी, टँकर, उघडा पाईप, आणि शेवटी भाऊंचं वाक्य जसंच्या तसं. दुपारपर्यंत फळ्याचा फोटो कळव्याला माझ्या बहिणीच्या मोबाईलवर पोचलेला, डोंबिवलीहून सुमतीच्या गिऱ्हाइकांचे फोन यायला लागले.

दुसऱ्या सकाळी फळा जागेवर नव्हता. नुसते खिळे.

सुमती खडू हातात धरून उभी. गुरुवार होता, माझी पोथी नुकतीच वाचून झालेली. माझ्या दारावर कुंकवाने श्री काढलेलं असतं. मी म्हटलं, इथे लिही, श्रीच्या खाली. ती म्हणाली, तुझ्या देवाला चालेल? मी म्हटलं, त्याच्या नावाखाली खरं लिहायचं नाही तर काय लिहायचं?

तिने लिहिलं: फळा कोणी नेला ते मला माहीत नाही. मागच्या चाळीत आज टँकर आला नाही. पाईप अजून उघडा आहे.

मग काय, रोज माझ्या दाराशी जत्रा. बायका वाचायच्या आणि तशाच भाऊंच्या ऑफिसात जाऊन बसायच्या, कळश्या घेऊन. बॅनर वर होता, पण त्याकडे कोणी मान वर करून बघेना. आधी टँकर परत सुरू झाला. मग फळा आला, नवीन खिळ्यांसह. मग ठेकेदार आला, आणि भाऊ स्वतः नाल्याकाठी उन्हात उभे राहिले. सुमतीने तेही लिहिलं. भाऊ चकितच झाले.

लाईन जोडली त्या दिवशी भाऊंची पोरं नवा बॅनर घेऊन आली. भाऊ त्यांना म्हणाले, “अरे थांबा रे. आधी ताईंना लिहू दे, नाहीतर कोण मानणार?”

मागच्या चाळीच्या पुढच्या खोल्यांत पाणी आलं, शिट्ट्या वाजल्या. सुमती खडू घेऊन फळ्यापाशी गेली नाही. ती नाला ओलांडून थेट शेवटच्या खोलीत गेली. तिच्यामागे आम्ही सगळ्या, आमच्यामागे भाऊ. रमाबाईंनी नळ फिरवला. आधी नुसती हवा फुरफुरली. मग गढूळ पाणी. मग धार स्वच्छ झाली, जाड झाली. रमाबाईंनी ओंजळ भरून तोंडावर मारली, एक घोट प्यायल्या आणि पदराने चेहरा पुसत म्हणाल्या, “आता लिही गं.”

सुमती फळ्याकडे निघाली तेव्हा अख्खी गल्ली तिच्याबरोबर होती. तिने लिहिलं: मागच्या चाळीत शेवटच्या खोलीपर्यंत पाणी आलं. मी पाहिलं. रमाबाई प्यायल्या. खाली नाव.

ते वाचून झाल्यावरच बायका घरी गेल्या आणि आपापली पिंपं धुवायला काढली.