बर्गितच्या हलक्या स्की

बर्गित हेग्लांद वीज कंपनीत लागली ती बर्फ मोजायला. तेलेमार्कच्या वरच्या अंगाला, जिथे दरी संपते आणि उघडा माळ सुरू होतो, तिथे कंपनीची धरणं होती. हिवाळ्यात माळावर किती बर्फ साचला त्यावरून उन्हाळ्यात धरणात किती पाणी येणार याचा अंदाज बांधत. त्यासाठी कुणीतरी स्कीवरून तिथवर जाऊन पोकळ नळी जमिनीला टेकेपर्यंत खुपसायची, बर्फासकट ती वर काढायची आणि काट्याला टांगून वजन करायचं. काम एवढंच. खरा घाम निघायचा तो तिथवर पोचताना. हिवाळ्यात रस्ता शेवटच्या गोठ्यापाशी बंद व्हायचा, आणि पुढे माळावरची पहिली खूणकाठी दिसेपर्यंतच अर्धा दिवस जायचा. चढउतार मोजकेच, बाकी नुसती चाल.

त्याआधी ती गावच्या सहकारी दुकानात गल्ल्यावर बसायची. लहानपणी गवताच्या गाडीखाली तिचा पाय मोडला होता आणि जुळून आला तो किंचित आखूड. चालताना कुणाच्या ध्यानात येत नसे, पण पायाला ओझं झालं की संध्याकाळी कंबर धरायची. कंपनीने दिलेल्या स्की जड लाकडी होत्या. पहिल्या फेरीनंतर दोन दिवस तिला जिने चढता आले नाहीत. तिने कुणाकडे तक्रार केली नाही, ओस्लोच्या दुकानातून स्वतःसाठी स्की मागवल्या. त्या काचधाग्याच्या, म्हणजे फायबरग्लासच्या होत्या, बोटभर जाड, अरुंद, आणि कडेला पोलादाची बारीक धार.

तिचा जोडीदार हालवोर मीटबू. वयाने तिच्या वडिलांच्या जवळपासचा, अंगाने रेड्यासारखा. तो या माळावर धरणं बांधली जायच्या आधीपासून फिरत होता. गोठ्यापाशी त्याने तिच्या नव्या स्की हातात घेतल्या, उलटसुलट करून पाहिल्या.

"पोरी, स्की घरी विसरलीस वाटतं. ह्या विणायच्या सुया आणल्यास."

"मोजे विणीन तुझ्यासाठी. चल."

"ह्यावरून उतरणार कशी तू?"

"पडत पडत."

आणि खरोखरच ती पडत पडत उतरली. ह्या स्की चालीच्या होत्या. सपाटीवर पाय पुढे टाकला की आपसूक घसरत जायच्या, दिवसभर चाललं तरी पाय आपलेच राहायचे. पण उतारावर, वाऱ्याने कडक केलेल्या बर्फावर, त्या थरथरायच्या आणि मनाला येईल तिकडे वळायच्या. हालवोरच्या डांबर लावलेल्या लाकडी फळ्या उतारावर कोठाराच्या दारासारख्या सरळ जात. तो खाली थांबून, पाइप पेटवून, तिचं येणं बघत बसायचा.

"नाक जागेवर आहे का?" ती पोचली की तो विचारायचा.

"आहे."

"मग ठीक."

सपाटीवर मात्र संध्याकाळी तो धापा टाकत असे आणि ती कंपनीच्या खोपीतल्या चुलीत लाकडं सारत असे.

अशी काही वर्षं गेली. पुढे हालवोर, मागे बर्गित, हा क्रम ठरलेला. माळावर धुकं आणि बर्फ एक झाले की जमीन कुठे संपली आणि आभाळ कुठे सुरू झालं हे कळत नाही. अशा वेळी हालवोर थांबायचा, वारा कुठल्या गालावर लागतो ते बघायचा आणि निघायचा. खूणकाठी समोर यायचीच. बर्गितला त्याच्या पाठीची इतकी सवय झाली होती की वाट शिकायची गरज आहे असं तिला वाटलंच नाही. तो हे ओळखून होता. मधूनच थांबून विचारायचा, "आता कुठे?" ती चुकली की नुसता हं म्हणायचा आणि पुन्हा चालू लागायचा. हळूहळू ती चुकेनाशी झाली.

एका फेब्रुवारीत गोठ्यापाशी स्की बांधताना तो म्हणाला, "आज तू पुढे हो."

"का रे?"

"ताजा बर्फ आहे. तुझ्या सुया हलक्या. पाड वाट. म्हाताऱ्याला आयती वाट मिळू दे एखाद दिवस."

तिला बरं वाटलं. दिवसभर ती पुढे होती, आणि तो मागे शीळ घालत येत होता. पुढच्या फेरीलाही तो म्हणाला, "हो पुढे." त्याच्या पुढच्या फेरीला तिने विचारलंसुद्धा नाही.

मग एकेक गोष्ट नजरेत यायला लागली. काट्यावरचं वजन तो वाचायचा, ते आता म्हणायचा, "तू वाच, काच धुरकटली आहे." काच स्वच्छ होती. कॉफी ओतताना तो पेल्याच्या कडेला बोट लावून ठेवायचा. ब्राउन चीज कापायला घेतलं की तिच्यापुढे सरकवायचा. आणि एकदा तिच्यासाठी आस्ताने, म्हणजे त्याच्या बायकोने, लाल लोकरीची टोपी विणून पाठवली. "माळावर लाल बरं दिसतं," असा निरोपही होता. बर्गितला लाल रंग आवडत नव्हता. पण घरून आलेली टोपी, म्हणून ती घालायची.

मार्चमध्ये एका उतारावर ऊन तापलं म्हणून तिने ती टोपी काढून खिशात कोंबली. खाली पोचून मागे बघते तर हालवोर तिच्या मागे नव्हताच. लख्ख उन्हात, पन्नास पावलांवर उभ्या असलेल्या तिला सोडून तो डावीकडे, ओढ्याच्या घळीच्या दिशेने सरळ निघाला होता.

"हालवोर! इकडे!"

तो थबकला, आवाजाकडे वळला. "ठाऊक आहे गं. घळ कितपत भरली आहे ते बघत होतो."

तिने खिशातून टोपी काढली आणि डोक्यावर घातली. त्या दिवशी तिला सगळं कळलं. कळलं, आणि ती गप्प बसली. कंपनीत कळलं तर त्याला घरी बसवतील, आणि हालवोर घरी बसलाय हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे येईना. शिवाय आणखी एक गोष्ट होती. पुढे चालायला तिला आवडायला लागलं होतं. कोऱ्या बर्फावर पहिली रेघ आपली, ही ऐट तिला पूर्वी ठाऊक नव्हती. तो घरी बसला तर जो नवा येईल तो पुढे राहू देईल की नाही, कोण जाणे.

पुढच्या हिवाळ्यात फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या. हालवोर आता तिच्या रेघेतून बाहेर पाऊल टाकत नसे. बोलण्यात मात्र तोच होता. "वाकडी चालतेस," तो मागून ओरडायचा. "दारू प्यायलेल्या मेंढीसारखी चालतेस." वाकडी रेघ त्याच्या पायांना कळायची.

माळाच्या मध्यावर मोठं तळं होतं, धरणाचंच. हिवाळ्यात वीज करायला त्यातलं पाणी खाली सोडत, आणि वरचा गोठलेला थर पाण्याबरोबर खचत जाई. मध्यभागी तो पक्का असे. काठाशी मात्र तिरपा होऊन फुटे, मोठमोठ्या लाद्या एकमेकींवर चढत आणि त्यांच्यामध्ये माणूस मावेल एवढ्या फटी पडत. वरून वाऱ्याने बर्फ अंथरला की फट दिसायची नाही. काठावर चढायची जागा दरवेळी शोधावी लागे.

"थांब इथेच," बर्गित म्हणाली. "मी बघून येते."

"बघ."

वारा वाढला होता. ती काठीने ठोकत ठोकत उजवीकडे गेली. चांगली जागा सापडल्यावर तिने हाक मारली, "इकडून ये!" वाऱ्याने हाक कुठे नेली कोण जाणे. हालवोरला ती समोरून आल्यासारखी वाटली. तो सरळ निघाला.

तिने पाहिलं तेव्हा तो लाद्यांवर होता. ती ओरडली, आणि तो दिसेनासा झाला.

ती पोचली तेव्हा तो छातीपर्यंत फटीत होता, दोन्ही कोपर लादीच्या कडेवर रोवलेले. खाली पाणी होतं, मांड्यांपर्यंत. एक स्की पाण्याच्या वर आडवी अडकली होती, तो गुडघा छातीशी दुमडलेला.

"हलू नकोस," ती म्हणाली.

"नाचतोय का मी?"

बर्गितने आपल्या स्की काढल्या, शेजारी शेजारी आडव्या टाकल्या आणि त्यांच्यावर पालथी पडून पुढे सरकली. लादीने आवाज केला. तिने हात फटीत घालून चाचपडत त्याच्या बुटाचा खटका शोधला आणि उघडला. अडकलेली स्की सुटली, पाण्यात पडली आणि लादीखाली निघून गेली. मग तिने त्याच्या पाठपिशवीचे पट्टे धरले. तो कोपरांवर उठला, ती ओढत राहिली, आणि तो ओल्या पोत्यासारखा बाहेर आला.

गोठणाऱ्या वाऱ्यात ओल्या पायांनी बसून राहता येत नाही. कंपनीची खोपी दिसत होती, निदान तिला. तिने आपल्या स्की त्याच्या पायांशी ठेवल्या. तेव्हा सगळ्यांच्या बुटांचं नाक एकाच मापाचं असायचं, कुणाचाही बूट कुणाच्याही स्कीत बसायचा.

"ह्या घाल."

"तू?"

"तुझी एक आहे की."

ती एका जड फळीवर, दुसरा पाय बर्फात रोवत आणि उपसत पुढे निघाली. आखूड पाय फळीवर ठेवला होता. मागून तो आला. पाय सुन्न झाले होते, पण स्की आपल्या घसरत होत्या.

खोपीत चूल पेटल्यावर तिने त्याचे बूट ओढून काढले, पाय लोकरीच्या चादरीत गुंडाळले. पायांत कळा यायला लागल्या तसा तो कण्हला, मग शिव्या देऊ लागला, आणि बर्गितच्या जिवात जीव आला.

"डोळ्याच्या मधोमध डाग आहे," तो अखेर म्हणाला. "कडेचं दिसतं. ज्याच्याकडे बघावं तेच दिसत नाही."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"मागच्या हिवाळ्यापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू का नाही बोललास?"

तो चुलीकडे, म्हणजे चुलीच्या जरा बाजूला, बघत राहिला. "एवढा हिवाळा काढू. मग मीच सांगतो कंपनीच्या इंजिनियरला."

"नाही."

"बर्गित..."

"नाही म्हटलं ना. उतरलो की तू सांगायचं. तू नाही सांगितलंस तर मी सांगणार नाही, पण तुझ्याबरोबर येणारही नाही. जा मग कुणाच्या मागे जायचं ते."

"मोठी शहाणी झालीस. वाट कुणी शिकवली?"

"तूच. म्हणून तर."

उतरल्यावर त्याने सांगितलं. कंपनीने केक आणला, भाषण केलं, घड्याळ दिलं. घड्याळावरून पुढे गावात बरेच विनोद झाले, ते हालवोरला आवडले नाहीत. तो बर्गितशी बोलेनासा झाला. दुकानात तिचा आवाज आला की तो पिठाच्या पोत्यांच्या मागे जाऊन उभा राहायचा. सगळा उन्हाळा असा गेला.

"तू नको मनाला लावून घेऊ," आस्ता तिला एकदा म्हणाली. "माझ्याशी तरी कुठे धड बोलतो? कोंबड्यांवरसुद्धा डाफरतो."

पहिला बर्फ पक्का बसल्यावर बर्गित त्याच्या घरी गेली. तो लाकडाच्या खोपटात बसून करवतीचे दात कानशीने घासत होता, बोटांनी चाचपून.

"रविवारी येतोस?" तिने दारातूनच विचारलं.

"कुठे?"

"वर."

"आंधळ्याला फिरवायला? दोरी बांधून नेणार का मला? बोकडासारखं?"

"दोरी कशाला? मी बोलेन, तू ऐक."

हालवोर हसला. त्या घड्याळानंतर प्रथमच. "तू बोलणार! दिवसभरात चार शब्द बोलत नाहीस तू. मला वाटायचं तुझी बत्तीसी गोठते."

"बोलेन."

"आणि पडलो तर?"

"नाक जागेवर आहे का ते विचारीन."

तो रविवारी आला, जड लाकडी फळ्या खांद्यावर टाकून. दुपारपर्यंत त्याचा दम उखडला. पुढच्या आठवड्यात आस्ताने ओस्लोच्या दुकानाला फोन लावला आणि तो शेजारी उभा राहून मापं सांगत होता. "हलक्या पाहिजेत म्हणावं. आणि मोजे विणायचे नाहीत म्हणावं, चालायचंय."

बोलणं बर्गितला जड गेलं. आधी ती फक्त कामाचं सांगायची. डावीकडे. खड्डा. आता उतार, गुडघे मोड. पण सपाटीवर सांगण्यासारखं काही नसतं, आणि ती गप्प झाली की तो थांबायचा. "बोल," म्हणायचा, "नाहीतर तू पुढे आहेस हे मला कसं कळणार?" मग ती दिसेल ते सांगायला लागली. कोल्ह्याच्या पावलांचे ठसे. तळ्यापलीकडे उन्हाचा तुकडा. दिसेनासं झालं की आठवेल ते, दुकानात गल्ल्यावर बसायची तेव्हाचे किस्से, कोण कुणाच्या नावावर तंबाखू न्यायचं ते. गावातल्या माणसांनी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते हालवोरने ऐकलं. उतारावर मात्र तो तिचा आवाज संपायच्या आत तिला मागे टाकायचा. हलक्या स्कीवर त्यालाही धड उतरता येत नव्हतं, तो पडायचा, पण भ्यायचा नाही. ती जवळ पोचेपर्यंत तो बर्फात पडूनच पाइप शोधत असायचा.

असे पुष्कळ हिवाळे गेले. नंतर कंपनीने माळावर यंत्रं बसवली, ती बर्फाचं वजन आपोआप कळवू लागली, आणि बर्गितला दुसरं काम दिलं, ऑफिसातलं. हालवोर एका शरद ऋतूत गेला, बटाटे काढायच्या दिवसांत, खुर्चीत बसल्याबसल्या. अंत्यविधीला बर्गित मागच्या बाकावर बसली होती. आस्ताने तिला पुढे बोलावून आपल्या शेजारी बसवलं.

त्याच हिवाळ्यात शेजारच्या दरीतून तिला फोन आला. सोल्वाय नावाची तरुण बाई, पियानो सुरात लावून द्यायची, जन्मापासून आंधळी. तिने हालवोरबद्दल ऐकलं होतं. तुझ्याबरोबर माळावर येऊ का, विचारत होती. बर्गितने हो म्हटलं. ही सोल्वाय पहिल्या खूणकाठीपर्यंत एक क्षण गप्प बसली नाही. नवऱ्याबद्दल बोलली, सासूबद्दल, गावोगावच्या चर्चमधल्या बेसूर पियानोंबद्दल. तिच्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत बर्गितला घाईघाईने "उजवीकडे" म्हणावं लागे.

"चढ आला का?" सोल्वायने विचारलं.

"आला."

"सांगितलं नाहीस!"

"संधी कुठे दिलीस," बर्गित म्हणाली, आणि पुढे चालू लागली.