मापाचा ब्लाउज

शिंप्याकडे जाताना मापाचा ब्लाउज न्यायचा असतो, हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे. प्लास्टिक सर्जनकडे जातानाही तोच पिशवीत घालून नेणारी बाई मात्र मुलुंड ते अंधेरी मी एकटीच असेन. पण माझाही नाइलाज होता. दवाखान्यातून फोनवर सांगितलं होतं, "साधारण केवढी साइज हवी आहे, त्याचा काहीतरी अंदाज घेऊन या." काही जणी म्हणे नट्यांचे फोटो नेतात. मला कुठल्याही नटीसारखं दिसायचं नव्हतं. ब्लाउज घातल्यावर मी जशी दिसते, तशीच तो काढल्यावरही दिसायचं होतं. मग म्हटलं, ब्लाउजच न्यावा.

हे सगळं एक्केचाळिसाव्या वर्षी. शाळेत मैत्रिणींना जे आलं, ते माझ्याकडे आलंच नाही. येईल, येईल म्हणत कॉलेज सुरू झालं आणि साडी डे आला. आमच्या चाळीत एक मावशी ब्लाउज शिवायची, मूळची मालवणकडची. तिने टेप लावला आणि वहीत काहीतरी लिहिलं. ब्लाउज हातात आला तेव्हा कापड आणि अस्तराच्या मधे मऊ पॅड बसवलेलं होतं. मी तो घातला आणि आरशासमोरून हलेना. त्यानंतर चोवीस वर्षं माझा प्रत्येक ब्लाउज, प्रत्येक कुर्ता तिनेच शिवला. दरवेळी आधीचा ब्लाउज मापाला द्यायचा आणि नवा घ्यायचा, इतकं सोपं होतं.

बाहेर मी झकास दिसायचे. घरी मात्र बेल वाजली की आधी ओढणी शोधायची आणि मग दार उघडायचं. तिशीत एक स्थळ फार पुढे गेलं होतं. माणूस चांगला होता, मला आवडलाही होता. मी नाही म्हटलं आणि कारण कुणालाच सांगितलं नाही. लग्नानंतर हा मनातल्या मनात तरी म्हणेल, हिने फसवलं, या विचाराने मला घाम फुटायचा. आज हसू येतं, पण तेव्हा महिनाभर रडले होते. नोकरी, घर, आईचे गुडघे, सगळं मार्गी लागल्यावर चाळिशीत ठरवलं, की आता हे लपवणं बास.

धाकटी बहीण सोबत आली होती. डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या. त्यांनी ब्लाउज हातात घेतला, उलटा केला, पॅड अंगठ्याने दाबून पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना.

"हे माप तुमचं नाही, तुमच्या टेलरचं आहे," त्या म्हणाल्या. "आता मी घेते तुमचं."

मग त्यांनी टेप लावला. छातीची एकेका बाजूची रुंदी मोजली, कातडी चिमटीत धरून किती सैल आहे ते पाहिलं, गळ्यापासूनची अंतरं लिहिली. मी आपली छताकडे बघत उभी. रुंदी अकरा सेंटिमीटर भरली. आत बसवायचं सिलिकॉनचं इम्प्लांट सीसीमध्ये मोजतात हे मी वाचून गेले होते आणि आकडा पाठ करून गेले होते. डॉक्टर म्हणाल्या, नुसत्या आकड्याला काही अर्थ नाही. तेच अडीचशे एखादीला शोभतं आणि एखादीला छातीवर ठेवलेल्या उशीसारखं दिसतं. आधी पाया केवढा ते बघायचं, मग त्यावर मावेल तेवढंच घालायचं.

त्यांनी एका घट्ट ब्रामध्ये नमुन्याचे सिलिकॉनचे गोळे घालून वर टी-शर्ट चढवायला दिला. दोनशे घातले तेव्हा बहीण म्हणाली, "हे काय गं? एवढं करतेयस तर दिसू तरी दे ना यार." अडीचशेला तिने मान डोलावली. तीनशे घातले आणि आरशात मी होते. म्हणजे ऑफिसला जाणारी, लोकांना माहीत असलेली मी.

"हेच," मी म्हणाले.

"हे नाही," डॉक्टर म्हणाल्या. "तीनशे तुमच्या छातीवर बसणारच नाहीत. काखेकडे सरकतील, कातडी ताणून पातळ होईल आणि काही वर्षांनी सगळं खाली ओघळेल. मी तर घालणार नाही. डावीकडे दोनशे, उजवीकडे सव्वादोनशे. तुमची उजवी बाजू जरा लहान आहे, माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. एक्केचाळीस वर्षं मी त्या बाजूसोबत राहत होते.

त्यांनी विचार करायला दोन आठवडे दिले. रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी बहिणीचा हात धरला. दोनशे-सव्वादोनशे घातले तर मी माझ्याच ब्लाउजपेक्षा लहान दिसणार. बायका मोठं दिसायला ऑपरेशन करतात आणि मी ऑपरेशन करून लोकांना लहान दिसणार होते. बहीण घाटकोपर येईपर्यंत हसत होती. मला काही हसू येत नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी मावशीकडे गेले. चाळीच्या जागी आता टॉवर आहे, मावशी नवव्या मजल्यावर आहे आणि मशीन खिडकीशी. आजवर आम्ही दोघींनी पॅड हा शब्द एकमेकींसमोर कधी उच्चारला नव्हता. मी ब्लाउज तिच्यापुढे ठेवला आणि विचारलं, "मावशी, यात माझं किती आणि तुझं किती?"

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग ब्लेडने अस्तर उसवलं. डावीकडे दोन थर निघाले, उजवीकडे तीन.

"तुला माहीत होतं? एक बाजू लहान आहे ते?"

"मी काय आंधळी आसंय? पयल्या दिवसापासून म्हायत आसा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून तू काय करतलंस? शिवणारी मी."

मी विचारलं, पहिल्या ब्लाउजातही एवढंच होतं का. तिने निघालेले थर एकावर एक रचले. मग म्हणाली, "नाय गो. डाव्या बाजूक थोडासाच हुता, उजव्याक वायच जास्त. तू आरशात बघून हसलंस. माका बरा वाटला. मगे मी वाढवत गेलंय."

मला रागच आला. आधी तिचा आला. चोवीस वर्षं ही बाई मला विचारल्याशिवाय फुगवत होती आणि वर म्हणते, बरं वाटलं. मग लिफ्टमधून उतरताना स्वतःचाही आला, कारण दरवेळी मापाला मीच तर मागचा ब्लाउज देत होते. ज्या आकाराची मला एवढी काळजी होती तो माझा नव्हताच, आणि कुणी विचार करून ठरवलेलाही नव्हता. एका प्रेमळ बाईने माझं हसू बघून तो थोडा थोडा वाढवला होता.

तरी ठरेना. मी एक रंगीत तालीम करून पाहिली. मावशीला एका ब्लाउजातले थर काढायला लावून, डावीकडे एक आणि उजवीकडे दीड ठेवून, मी ऑफिसला गेले. दुपारी डब्याच्या वेळी शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, "बरी आहेस ना गं? उतरल्यासारखी वाटतेस." मी डबा बंद केला. संध्याकाळपर्यंत मी फाइल छातीशी धरून फिरले आणि दुसऱ्या दिवशी जुना, भरगच्च ब्लाउज घालून हजर झाले. असे तीन दिवस गेले.

चौथ्या दिवशी आंघोळ करून बाहेर आले आणि तो भरगच्च ब्लाउज खुर्चीवर पडलेला दिसला. मी तिकडे होते आणि इकडे दुसरीच कुणीतरी टॉवेलमध्ये उभी होती. तेव्हा पटलं, की तीनशेचा हट्ट धरून दुसरा डॉक्टर शोधणं म्हणजे हाच खोटा आकार आता कायमचा अंगात शिवून घ्यायचा. तो सरकेल, ओघळेल म्हणून पुढेही मी घाबरतच राहिले असते. मी ओल्या केसांनीच बहिणीला फोन लावला.

"दोनशे-सव्वादोनशे," मी म्हणाले.

"आणि लोक?"

"लोकांना दिसू दे की कमी."

"तू सटकली आहेस," ती म्हणाली आणि ऑपरेशनच्या दिवशी पहाटे सहाला दारात उभी राहिली.

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. पहिले काही आठवडे मी फळीवरचा पोह्यांचा डबा काढू शकत नव्हते आणि बादली उचलायची नव्हती. सुरुवातीला दोन्ही इतके वर होते की हनुवटीला टेकतील असं वाटायचं. डॉक्टर म्हणाल्या, धीर धरा, खाली येतील. आले. आणि एक दिवस टी-शर्ट, आत काही नाही, अशी मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि लक्षात आलं, की गेले दोन तास मी माझ्याकडे बघितलेलंच नाही. मला फार बरं वाटलं.

मावशीला सगळे ब्लाउज नेऊन दिले. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, "बरा केलंस" म्हणाली आणि उसवायला बसली.

चार-पाच महिन्यांनी दहिसरला चुलत भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. जेवायच्या पंगतीत आत्या शेजारी आली. आमची आत्या कुजबुजत नाही. तिने मला नीट न्याहाळलं आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय गं, किती रोडावलीस? पूर्वी कशी भरलेली दिसायचीस. छाती अगदीच बसली की तुझी."

समोरच्या चार बायकांनी वळून नेमकं तिथेच पाहिलं. बहिणीला ठसका लागला. माझा हात सवयीने पदराकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. मी तो खाली घेतला.

"हो आत्या," मी म्हणाले. "होती ती गेली थोडी."

"खातेस की नाही काही?" म्हणत तिने माझ्या ताटात जिलबी टाकली.

चौघी अजून बघत होत्या. मी त्यांना बघू दिलं. त्या जे बघत होत्या ते, डॉक्टरांचे दोनशे-सव्वादोनशे धरून, सगळं माझं होतं आणि घरी जाऊन त्यातलं काहीच काढून ठेवायचं नव्हतं. मी जिलबी खाल्ली आणि आणखी एक मागितली.