तीर्थ थांबवलं तो दिवस

श्रावणातला दुसरा सोमवार, १९६८. लोणावळ्याचा दवाखाना, बायकांचा कक्ष. हजर: खाटेवर माझी धाकटी बहीण सुमन, उशाशी मी, आणि शेजारच्या खाटेवरच्या आपल्या सुनेजवळ बसलेल्या कुरवंड्याच्या एक मावशी.

देव ऐकतो का, हा प्रश्न त्या आठवड्यात मला पहिल्यांदा पडला. मूत्रपिंडाच्या आजारासाठी सुमन वर्षभर स्टेरॉइडच्या गोळ्या घेत होती. त्यांनी तिची प्रतिकारशक्ती खालावली आणि तोंडातली बुरशी घशाखाली उतरली. जांभळं औषध लावून झालं, गोळ्या झाल्या. बुरशी कशालाच जुमानेना. शेवटी मुंबईहून मागवलेलं औषध शिरेतून सुरू झालं. काळ्या कागदात गुंडाळलेली ती बाटली सहा तास थेंबथेंब उतरायची आणि सुमन थंडीनं कुडकुडायची. "यानं गुण आला नाही, तर माझ्याकडे दुसरं औषध नाही," डॉक्टर म्हणाले.

पाणी उकळणं, ताप नोंदवणं, चादरी बदलणं, सारं मी वहीत लिहून करायची. एकच गोष्ट वहीत नव्हती. डॉक्टरांची पाठ वळली, की देवीच्या देवळातून आणलेल्या तीर्थाची पळी मी सुमनच्या ओठांना लावत असे.

त्या सोमवारी मावशींनी माझा हात धरला. "उकाळल्याबिगर थेंब द्यायचा न्हाई म्हन्ले ना डागदर? मग ह्ये काय चाललंय बाई?"

"तीर्थ आहे, मावशी."

"कवाचं?"

"गेल्या मंगळवारचं."

त्यांनी तीर्थाच्या गडूचं झाकण काढून माझ्यापुढं धरलं. आतल्या कडेला पांढुरकी बुरशी धरली होती. मी पळी खाली ठेवली. "पण बंद केलं आणि देवी कोपली तर?"

"येवढ्याशा पळीवर रुसायला ती काय तुमची नणंद हाय व्हय?" मावशी हसल्या. मग गडू कपाळाला लावून त्यांनी ते पाणी अंगणातल्या जास्वंदीच्या मुळाशी हळूच ओतलं. "पायदळी न्हाई जायाचं. आता निस्तं बसा हितं. समदं तुमीच कराय पायजे का?"

मी बसले. सुमनचा हात धरून, दुसरं काही न करता. नवव्या दिवशी ताप उतरला. पुढच्या आठवड्यात तिनं पेज गिळली. गुण औषधाचा, हे मी जाणते. माझ्या पाण्यानं किती बिघडवलं, ते कळायला मार्ग नाही. पण माझा हात धरायला त्या दिवशी देवीच आली होती, असं मी मानते. इतकी श्रद्धा आणि इतकं शहाणपण एकाच माणसात मी पुन्हा पाहिलं नाही. देवीवर सोपवायचं म्हणजे आपला हात कुठं थांबवायचा, हे मला त्या खाटेशी कळलं.

सुमन आता धडधाकट आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगते, "ताईच्या तीर्थानं वाचले मी." तिला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.