रोसेंदो चिग्वायचं नाक

रोसेंदो चिग्वायला माशांतलं काही कळत नाही, हे मी अकरा वर्षं त्याच्याच होडीत बसून पाहिलं आणि अकरा वर्षं तोंड मिटून बसलो. त्यामुळे त्याच्याविषयी सांगताना चार शिंतोडे माझ्याही अंगावर उडणार. उडू देत.

आमच्या पिल्कोमायच्या धक्क्यावर त्याला सगळे ‘नाक’ म्हणायचे, आणि तेही आदराने. सकाळी होडी बाहेर निघाली की हा पुढच्या टोकावर उभा राहायचा, टोपी काढायचा, डोळे मिटून तीनदा हवा हुंगायचा आणि हात लांब करून सांगायचा, “तिकडे.” तिकडे गेलं की सिएर्रा लागायचा. सिएर्रा म्हणजे हातभर लांब, दातेरी मासा. तारलीच्या थव्यामागे फिरतो, आणि चिलीतल्या चिलोए बेटाच्या या बाजूला आमच्या चुली त्याच्यावरच पेटतात. बाकीच्या होड्या दुपारपर्यंत भटकून अर्धी टोपली आणायच्या. आम्ही दहाला परत. मग रोसेंदो धक्क्यावरून मुद्दाम हळू चालायचा, कुणीतरी विचारावं म्हणून.

“डोन रोसेंदो, आज वास कसा काय लागला?”

“ते सांगून येत नसतं,” हा म्हणायचा. “रक्तात असावं लागतं. माझ्या बापाला होतं.”

त्याच्या बापाला मी ओळखत होतो. तो बटाटे पिकवायचा, आणि होडीत पाय ठेवला की ओकायचा.

रक्ताबिक्तात काही नव्हतं. घरात ओतिलिया होती, त्याची बायको. धक्क्याच्या उत्तरेला तीन खडकाळ बेटं आहेत, तिथे उन्हाळ्यात पेंग्विन अंडी घालतात. त्यांच्या समोरच्या खडकांवर ओतिलिया ओहोटीच्या वेळी शेवाळ कापायची, वयाच्या बाराव्या वर्षापासून. कोयता खडकावर चालायचा आणि नजर पाण्यावर. जमिनीवर हा पक्षी म्हणजे घट्ट विजार घातलेला कारकून. चार पावलांत दोनदा पडतो. पण पाण्यात शिरला की वेगळाच. ओतिलियाने त्यांचं पाण्यातलं चालणं पाहून ठेवलं होतं. सकाळी उतरले की ते लगेच जात नाहीत. पाण्यावर गोळा होतात, एकमेकांना हाका घालतात आणि मग जथ्याने निघतात. भुकेले असले की उंच तरंगतात, पोट भरलेलं असलं की मानेपर्यंत बुडालेले येतात. घाईत असले तर पाण्याबाहेर उड्या मारत जातात. आणि बुडी मारली की ओतिलिया मनातल्या मनात मरियेची प्रार्थना म्हणायला लागायची. दोन प्रार्थनांत वर आले तर ते नुसते वाटेवर आहेत. पाच झाल्या, आणि बुडले तिथेच पुन्हा वर आले, सगळे एकदम, तर खाली तारली आहे आणि त्यांनी ती धरून ठेवली आहे. सीगल नंतर येतात, उष्टं खायला. आमच्या गावातले शहाणे सीगलांमागे जायचे.

मी रोज सकाळी रोसेंदोला घ्यायला त्याच्या घरी जायचो. ओतिलिया माझ्यापुढे बटाट्याची गरम मिल्काओ ठेवायची आणि चुलीत लाकूड सारता सारता बोलायची.

“काल उशिरा आले. पण जड आले, जळक्या खडकाच्या बाजूने. सकाळी पश्चिमेला गेलेला गट लवकर आला आणि रिकामा आला.”

“तुला कुणी विचारलं?” रोसेंदो म्हणायचा.

“नाही.”

“मग?”

“मग काही नाही. मातेचा चहा घे, गार होतोय.”

तासाभराने त्याच्या नाकाला जळक्या खडकाचा वास लागायचा. मी मागे इंजिनापाशी बसून त्याच्या पाठीकडे बघायचो आणि माझा वाटा घ्यायचो. आमचा हिवाळा मे-जूनला लागतो; तेव्हा पेंग्विन उत्तरेला निघून गेले की या नाकाला हटकून सर्दी व्हायची. मग रोसेंदो म्हणायचा, समुद्रालाही विश्रांती द्यावी लागते, आणि सप्टेंबरपर्यंत शेगडीपाशी पसरायचा.

एका डिसेंबरात मुख्य भूमीवरच्या विद्यापीठातून नोएमी नावाची एक बाई आली. पेंग्विन समुद्रात कुठे जातात, किती खोल बुडतात, हे तिला शोधायचं होतं. समुद्रातलं कोणाला कळतं, असं तिने धक्क्यावर विचारलं. दहा बोटं रोसेंदोकडे वळली. त्यातलं एक माझं होतं.

त्याच्या घरी बसून त्याने तिला दोन तास ऐकवलं. पेंग्विन सरळ पश्चिमेला जातात, शंभर मैल, जिथे तळ लागत नाही तिथे. आठवडाभर येत नाहीत. रात्री ताऱ्यांवरून परततात. बाई वहीत लिहून घेत होती. ओतिलिया मातेचं भांडं भरत होती. मी खिडकीबाहेर बघत होतो, बाहेर फक्त कुंपण होतं.

मग बाईने घरट्यातले सहा पक्षी निवडले आणि काडेपेटीएवढी यंत्रं त्यांच्या पाठीच्या पिसांना चिकटपट्टीने लावली. एकाने तिच्या मनगटाचं मांस काढलं, तिने वर रुमाल बांधला आणि पुढचा पक्षी धरला. दोन दिवसांत सहाही यंत्रं परत मिळाली. तिने आमच्या होड्या ठेवायच्या छपरीत संगणक उघडला. पडद्यावर सहा रेघा होत्या. एकही पश्चिमेला गेलेली नव्हती. सगळ्या किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे उतरल्या होत्या, आणि पिल्लांपाशी त्याच दिवशी परत.

“यंत्र बिघडलंय,” रोसेंदो म्हणाला.

“सहाच्या सहा?” बाईने विचारलं.

“स्वस्तातली असतील.”

तेवढ्यात ओतिलिया आमच्यासाठी भाकरी घेऊन आली. ती रेघांकडे बघत उभी राहिली. बाईने दुसरं चित्र उघडलं, बुड्यांचं. फणीचे दात असावेत तसं.

“हे आखूड दात म्हणजे वाट,” ओतिलिया बोट लावून म्हणाली. “इथपासून लांब झाले, इथे खायला लागले. हा जळका खडक असणार. आणि हा एक मधेच उथळ आला, तो सील बघून पळाला असेल.”

नोएमी खुर्चीतून उठली. “तुम्हाला हे कोणी शिकवलं?”

ओतिलियाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण रोसेंदो आधी हसला. मोठ्याने, मांडीवर थाप मारून. “अहो, मीच. वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडतोय, तेव्हा कुठे एवढं पाठ झालंय तिला. पोपटाला शिकवणं सोपं.”

ओतिलियाने भाकरीचं फडकं घडी केलं आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा मिल्काओ होती, मातेही होता. बोलणं नव्हतं. रोसेंदो बराच वेळ घोटाळला. शेवटी भिंतीकडे बघत म्हणाला, “काल कसे आले?”

“नाकाला विचार,” ती म्हणाली.

सतरा दिवस आम्ही रिकामे परतलो. टोपी काढणं, डोळे मिटणं, हुंगणं, सगळं यथासांग चाललं होतं. एकदा त्याने पश्चिमेला नेलं, तिथे पाण्याशिवाय काही नव्हतं. एकदा सीगलांच्या मोठ्या थव्यामागे गेलो. ते एका जहाजाने फेकलेली आतडी खात होते. लाज वाटेल असा माणूस असता तर त्याने घरी जाऊन चार शब्दांत माफी मागितली असती. हा अठराव्या दिवशी धक्क्यावर एका पिंपावर उभा राहिला.

“पेंग्विनांनी समुद्र खाऊन टाकलाय,” तो म्हणाला. “यंत्रातच दिसलं, इथेच किनाऱ्याला चरतात. आपल्या ताटातलं खातात. ओहोटीला बेटांवर कुत्री सोडू, आठ दिवसांत साफ.”

आणि लोक माना हलवत होते. हेच लोक माझ्या मुलाच्या बाप्तिस्म्याला जेवून गेले होते.

ओतिलिया पाठीवर शेवाळाचा भारा घेऊन मागून जात होती. मी तिच्या वाटेत उभा राहिलो. धैर्यबिर्य काही नव्हतं. घरात पीठ संपलं होतं. पण मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “डोन्या ओतिलिया, सिएर्रा कुठे आहे?”

तिने भारा खाली ठेवला. “अकरा वर्षं माझ्या चुलीपाशी जेवलास, आबेलिनो. आज विचारतोस?”

“आज विचारतोय.”

“मोठ्या खाडीच्या तोंडाशी. चार दिवस झाले, सगळे तिथूनच येतायत, दुपारच्या आत, नाकापर्यंत बुडालेले.”

“बायकांच्या गप्पा,” रोसेंदो पिंपावरून म्हणाला.

सात होड्या गेल्या. सातही भरून आल्या. कुत्र्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या दिवशी मी ओतिलियाच्या चुलतभावाच्या, बेलार्मिनोच्या होडीत बसलो, तो आजतागायत.

रोसेंदोचं वाईट झालं म्हणावं, तर तेही नाही. अशांचं होत नाही. तो आता प्रवाशांना होडीतून बेटांभोवती फिरवतो. नारिंगी जाकीट घालून टोकावर उभा राहतो आणि शंभर मैलांची गोष्ट सांगतो, ताऱ्यांसकट. लोक टाळ्या वाजवतात. नोएमीचा अहवाल आला त्यात त्याचे आभार आहेत, होडीबद्दल. ओतिलियाचं नाव नाही. एवढी शिकलेली बाई, पण तीही तसलीच. ओतिलिया त्याच्याच घरात राहते, वेगळी चूल मांडून. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “घर माझ्या आईचं आहे, मी कुठे जाऊ? त्याला जायचं तर जाऊ दे.”

गेल्या जानेवारीत बेलार्मिनोने तिला होडीत घेतलं. बाई होडीत आली की मासा पळतो, असं दोघा-तिघांनी सुनावलंच. वारा नव्हता, पाणी काचेसारखं होतं. जळक्या खडकापाशी पेंग्विन बुडाले, आणि ती होडीची कड दोन्ही हातांनी घट्ट धरून खाली वाकली. तारलीचा गोळा फिरताना दिसत होता, चांदीसारखा, आणि त्याच्याखालच्या काळोखातून ते एकामागून एक वर येत होते, पंखांनी उडत, पोटं पांढरी. गोळा प्रत्येक वेळी थोडा वर सरकत होता, पाण्याच्या कातडीपर्यंत.

“खालून येतात,” ती म्हणाली.

“म्हणजे?” बेलार्मिनोने विचारलं.

“मला वाटायचं बाजूने. इतकी वर्षं मला बाजूनेच वाटत होतं.” ती आमच्याकडे वळली. तोंड भिजलेलं होतं आणि ती हसत होती. “चुकलंच की माझं.”

आम्ही गळ टाकले. ती मात्र वाकलेलीच राहिली, आणि बेलार्मिनोने तिच्या अंगरख्याचं टोक मागून धरून ठेवलं.